उजेडातले ढग: ध्रुवीय उन्हाळ्यातला ८३ किलोमीटरवरचा बर्फ जमिनीवरून कसा मोजतात

प्रश्न लांबलचक होता, त्याचा गाभा असा: मुंबईत एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला ध्रुवीय उन्हाळ्यात अतिउंचावर होणाऱ्या चमकत्या ढगांवर (नॉक्टिल्युसंट क्लाउड) प्रोजेक्ट करायचा आहे. ती विचारते, हे ढग होतात उन्हाळ्यात आणि तेव्हा अंटार्क्टिकात सूर्य मावळतच नाही, मग जमिनीवरून ते बघतात कसे? आपल्या भारती स्टेशनवर एक चांगला ऑल-स्काय कॅमेरा बसवला तर भागेल का? उपग्रह असताना जमिनीवरून बघायची गरजच काय? आणि मुंबईत बसून यातलं काय करता येईल?

कॅमेऱ्याचा निकाल आधी लावू. भागणार नाही, आणि हे तुम्हाला कागदावर पाच मिनिटांत काढता येईल. भारती ६९.४ अंश दक्षिणेला आहे. २१ डिसेंबरला सूर्य २३.४ अंश दक्षिणेला असतो, म्हणजे भारतीवर भर मध्यरात्रीही तो क्षितिजाच्या पावणेतीन अंश वर. हे ढग इतके विरळ असतात की निळ्या आकाशावर ते दिसतच नाहीत. बघणाऱ्याच्या डोक्यावरचं आकाश काळवंडलेलं हवं आणि त्याच वेळी ८३ किलोमीटर उंचीवर ऊन पोचत राहायला हवं. सूर्य क्षितिजाखाली साधारण ६ ते १६ अंश असताना हे दोन्ही जमतं. भारतीवर मध्यरात्रीचा सूर्य सहा अंश खाली उतरतो तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. मैत्री हे आपलं दुसरं स्टेशन थोडं आणखी दक्षिणेला, तिथे त्यानंतर चार-पाच दिवसांनी. ढगांचा हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होऊन फेब्रुवारीत संपतो. म्हणजे तुमचा कॅमेरा डोळे उघडेपर्यंत हंगामाचं शेपूट उरलेलं.

त्यामुळे जिथे हे ढग सर्वांत जास्त असतात तिथून ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जिथून दिसतात तिथे ते कधीमधीच येतात किंवा उत्तरेच्या क्षितिजावर लांबून दिसतात. साठ अंश उत्तरेला २१ जूनच्या मध्यरात्री सूर्य साडेसहा अंश खाली असतो, पंचावन्न अंशांवर साडेअकरा. म्हणून स्कॉटलंड, डेन्मार्क, बाल्टिक देश, मॉस्को, कॅनडातलं एडमंटन इथल्या लोकांकडे फोटोंचे ढीग आहेत. दक्षिणेत त्याच पट्ट्यात जवळजवळ सगळा समुद्र. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प सोडला तर उभं राहायला जमीन नाही, म्हणून दक्षिणेतल्या डोळ्यांनी घेतलेल्या नोंदी मोजक्याच.

मुंबईतून ते दिसतील का, हेही बरेच जण विचारतात. नाही. जूनमध्ये पावसाने आकाशच दिसत नाही ते सोडा, १९ अंशांवर त्या उंचीची हवा बर्फ धरण्याइतकी थंडच होत नाही. मेमधल्या संध्याकाळी गोराईच्या समुद्रावर सोनेरी-गुलाबी तंतू दिसतात ते सिरस ढग, १०-१२ किलोमीटरवरचे. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात ते राखाडी पडतात. पहाटे किंवा संध्याकाळी निळसर-पांढरं, मिनिटागणिक पसरत जाणारं काही दिसलं तर आधी रॉकेट किंवा क्षेपणास्त्राच्या उत्सर्जनाचा संशय घ्यावा. आणि इंटरनेटवर ‘ध्रुवीय ढग’ म्हणून शिंपल्याच्या आतल्या रंगांसारखे जे फोटो फिरतात ते बहुतेक स्ट्रॅटोस्फिअरमधले असतात: हिवाळ्यातले, १५ ते २५ किलोमीटरवरचे, ओझोनच्या छिद्राशी संबंध असलेले. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत या दोहोंची सरमिसळ झालेली मी इतक्यांदा पाहिली आहे की हे वाक्य आता सवयीने लिहितो.

आता ढगांबद्दल, जेवढं उपकरणं समजायला लागतं तेवढंच. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्यानंतर जगभर भडक लाल संध्याकाळी दिसू लागल्या आणि लोक संधिप्रकाशाचं आकाश न्याहाळू लागले. १८८५ च्या जूनमध्ये युरोपात अनेकांना हे ढग दिसले. बर्लिनचे खगोलशास्त्रज्ञ ओटो येसे यांनी १८८७ पासून त्यांचे फोटो घेतले, पुढे वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी घेऊन त्रिकोणमितीने उंची काढली: सुमारे ८२ किलोमीटर. आजची लायडारची, म्हणजे लेसरने उंची मोजणाऱ्या यंत्राची, सरासरी ८३ च्या आसपास आहे. काचेच्या प्लेटा आणि लांबच लांब एक्स्पोजर घेऊन काढलेल्या आकड्यात एवढाच फरक!

तिथे थंडी उन्हाळ्यात का, हा खरा गमतीचा भाग. वादळं, डोंगर, जेट प्रवाह यांच्यामुळे उठलेल्या ग्रॅव्हिटी वेव्ह, म्हणजे हवेतल्या लाटा, वर जाताना वाढत जातात आणि मेसोस्फिअरमध्ये, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअरच्या वरच्या थरात, फुटतात. फुटताना त्या तिथल्या वाऱ्याला रेटा देतात. त्या रेट्यामुळे हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे वाहते. उन्हाळी ध्रुवावर ती भरून काढायला खालची हवा वर चढते, चढताना प्रसरण पावते आणि गार होते. २४ तास ऊन असूनही तापमान १३० केल्व्हिनच्या आसपास जातं, म्हणजे उणे १४० सेल्सिअसच्या घरात. हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे एक लाखांश, पाण्याची वाफ दहा लाखांत काही रेणू. तरीही बर्फ होतो, आणि बहुधा जळलेल्या उल्कांच्या अतिसूक्ष्म धुरावर होतो.

कण ८८ किलोमीटरच्या आसपास जन्मतो, अगदी काही नॅनोमीटरचा. हळूहळू खाली येताना वाफ खाऊन वाढतो, ८३ च्या आसपास ४०-५० नॅनोमीटर त्रिज्येचा होतो, आणि ८२ च्या खाली ऊब लागली की उडून जातो. ही उतरंड लक्षात ठेवा, कारण प्रत्येक उपकरण तिची वेगळी पायरी बघतं. ‘काल ढग होता का?’ या प्रश्नाला कॅमेरा, लायडार आणि रडार तीन वेगळी उत्तरं देतील आणि तिन्ही बरोबर असतील. माझ्या मते या विषयातले निम्मे वाद एवढं न पाहिल्यामुळे झालेत.

लायडारपासून सुरुवात करू, कारण दिवसाउजेडी बर्फ ‘बघणारं’ उपकरण तेच. लेसरचा स्पंद उभा वर सोडायचा. ८३ किलोमीटरवरून परत यायला त्याला सुमारे ५५० मायक्रोसेकंद लागतात. दुर्बिणीने परतलेले फोटॉन गोळा करायचे आणि कितव्या मायक्रोसेकंदाला किती आले ते मोजत बसायचं. एका स्पंदातून त्या उंचीवरून जे परत येतं ते नगण्य, म्हणून हजारो स्पंदांची बेरीज. पडद्यावर जे दिसतं ते असं: खालून वर जाताना फोटॉनची संख्या गुळगुळीत घसरत जाते, कारण हवा विरळ होत जाते, आणि ८३ च्या आसपास त्या उतारावर एकदम टोकदार उंचवटा, किलोमीटर-दीड किलोमीटर जाडीचा. अर्ध्या तासात तो शेपाचशे मीटर खाली सरकतो, कधी दुभंगतो, कधी दहा मिनिटांत पुसला जातो. ज्याने हा उंचवटा थेट उमटताना पाहिलाय त्याला उपग्रहाचा नकाशा थोडा अळणी लागतो, हे मान्य करायला हरकत नाही.

उन्हातले फोटॉन या फोटॉनांपेक्षा कैक पटींनी जास्त, त्यांचं काय करायचं? तीन बाजूंनी गळा आवळायचा. दुर्बिणीचं दृश्यक्षेत्र शंभर-दोनशे मायक्रोरेडियनवर आणायचं, म्हणजे ८३ किलोमीटरवर जेमतेम ८ ते १६ मीटरचं वर्तुळ. तेवढ्याच तुकड्यातला आकाशाचा उजेड आत येतो. लेसरची रेषा, म्हणजे त्याच्या तरंगलांबीचा पट्टा, अत्यंत अरुंद ठेवायची. आणि दुर्बिणीमागे फॅब्री-पेरो एटॅलॉन लावून त्या रेषेबाहेरचा उजेड दारातूनच परत पाठवायचा. यामुळे लेसरचा किरण आणि दुर्बिणीची नजर रात्रंदिवस एका रेषेत ठेवणं ही रोजची लढाई होते. इमारत तापली, आरसा किंचित वाकला की सिग्नल गेला.

नॉर्वेतल्या आन्दोया बेटावर, ६९ अंश उत्तरेला, अलोमार वेधशाळेत असं लायडार १९९४ पासून चालू आहे. ते तीन तरंगलांबींवर चालतं: ३५५, ५३२ आणि १०६४ नॅनोमीटर. कण अगदी बारीक असतील तर विखुरलेला प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे ३५५ चा प्रतिसाद ५३२ च्या पाचपट. कण मोठे होत जातात तसं हे गुणोत्तर पाचाच्या खाली घसरतं. तीन रंगांच्या गुणोत्तरांवरून आकार आणि आकाराचा फैलाव निघतो. कण गोल आहेत की लांबट, हे मात्र गृहीत धरावं लागतं आणि उत्तर त्यावर हलतं. अशा पेपरमध्ये त्रिज्येचा आकडा वाचण्याआधी आकाराचं गृहीतक वाचावं.

लायडारची मर्यादा त्याच गणितात दडलेली आहे. विखुरणारा प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो. त्रिज्या दुप्पट, तर सिग्नल चौसष्ट पट. १० नॅनोमीटरचा कण आणि ५० नॅनोमीटरचा कण यांच्यात पंधरा हजार पटींपेक्षा जास्त फरक. म्हणजे लायडारला दिसतात ते मोठे झालेले, उतरंडीच्या तळाला पोचलेले कण. वरच्या बारीक कणांची गर्दी त्याच्या हिशेबी नाहीच. शिवाय किरण पेन्सिलीएवढा आणि तिथला वारा सेकंदाला पन्नास मीटर सहज, म्हणून लायडारची ‘एका तासाची’ पट्टी म्हणजे खरं तर किरणावरून वाहून गेलेल्या १८० किलोमीटर ढगाचा काप. ढग जागच्या जागी वाढला की वाढलेला ढग वाहत आला, हे एकट्या लायडारवरून ठरवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आणि इथे भात एकसारखा शिजलेला नसतो. खाली साधे पावसाळी ढग आले तर सगळंच बंद.

लायडारचा एक प्रकार तुमच्या भारतीच्या अंगणातच चालून गेलाय, म्हणून सांगतो. उल्का जळून त्या उंचीवर लोखंडाच्या अणूंचा थर राहतो. लोखंडाच्या रेषेवर लेसर लावला की अणू चमकतात आणि त्यांवरून तापमानही निघतं. जर्मनीच्या क्यूलुंग्सबॉर्न इथल्या संस्थेचं फिरतं लायडार २०१० ते २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस स्टेशनवर होतं. भारतीपासून शे-सव्वाशे किलोमीटर. ते ३८६ नॅनोमीटरवर चालतं. तिथे सूर्याच्या वर्णपटात खोल काळी रेषा आहे, कारण सूर्याच्या वातावरणातलं लोखंडच तो उजेड शोषून घेतं. म्हणजे उन्हाचा त्रास सूर्यानेच कमी केलेला. त्याआधी, १९९९ ते २००१ मध्ये, प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावर अमेरिकन गटाने लोखंडाचंच लायडार चालवलं होतं. त्यात दोन गोष्टी दिसल्या. ध्रुवावरचे ढग ८५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उत्तरेतल्यापेक्षा दोनेक किलोमीटर उंच. आणि जिथे ढग, तिथे लोखंडाच्या थराला चक्क भोक. बर्फाचे कण अणू टिपून घेतात. एकाच यंत्रात बर्फ, तापमान आणि धातू हे तिन्ही! मला निवड करायला दिली तर अंटार्क्टिकात मी हेच नेईन, पण चालवायला चांगला ऑप्टिक्सवाला माणूस तिथे महिनोन्‌महिने राहायला तयार हवा, आणि तिथेच घोडं अडतं.

रडारचं वेगळं. अलास्कात पोकर फ्लॅट इथे ५० मेगाहर्ट्झच्या रडारवर १९७९ नंतर उन्हाळ्यात ८०-९० किलोमीटरवरून प्रचंड जोरदार प्रतिध्वनी येऊ लागले. १९८१ मध्ये एक्लंड आणि बाल्सली यांनी ते मांडले. रडार बर्फ बघत नाही, इलेक्ट्रॉनांच्या घनतेतली खडबड बघतं, आणि तीही आपल्या अर्ध्या तरंगलांबीची. ५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ६ मीटर, म्हणून ३ मीटरची खडबड. पण इलेक्ट्रॉन इतके चपळ की तीन मीटरची खडबड क्षणात सपाट व्हायला हवी. ती टिकते बर्फामुळे. कणांवर इलेक्ट्रॉन चिकटतात, भारित कण जड आणि मंद, आणि विद्युत ओढीने ते उरलेल्या इलेक्ट्रॉनांनाही मंद करतात. हवेतली खळबळ थांबल्यावरही तिने पाडलेल्या सुरकुत्या बराच वेळ राहतात. म्हणून आत्ता प्रतिध्वनी आहे याचा अर्थ आत्ता खळबळ आहे असा घेऊ नका.

रडारला काही नॅनोमीटरचे कणसुद्धा पुरतात. त्यामुळे आन्दोयावर ऐन हंगामात रडारचा थर जवळजवळ रोज असतो, लायडारला ढग निम्म्याहून कमी वेळ सापडतो, आणि दोन्ही असतात तेव्हा लायडारचा थर रडारच्या थराच्या खालच्या कडेला चिकटलेला. उतरंडीचा याहून चांगला पुरावा नाही. शिवाय रडारला ना ढगांचा अडथळा ना उजेडाचा. पण त्याला इलेक्ट्रॉन लागतात. ते कमी पडले तर बर्फ असूनही प्रतिध्वनी विरतो. आणि दोन स्टेशनांची तुलना करायची तर नुसते डेसिबल चालत नाहीत, दोन्ही रडार निरपेक्ष मापावर आणावी लागतात. जुन्या तुलनांमध्ये हे राहून गेलेलं असतं, तेवढं तपासा.

अंटार्क्टिकातलं सर्वांत मोठं रडार जपानच्या श्योवा स्टेशनवरचं पॅन्सी: ४७ मेगाहर्ट्झ, १०४५ अँटेना. डिझेल जहाजानेच न्यावं लागतं, म्हणून त्यांनी कमी वीज खाणारे ॲम्प्लिफायर मुद्दाम बनवले. तिरुपतीजवळ गादंकीला आपलं ५३ मेगाहर्ट्झचं रडार १०२४ अँटेनांचं, म्हणजे तंत्र आपल्या ओळखीचं आहे. गादंकीवरही मेसोस्फिअरमधून प्रतिध्वनी येतात, पण दिवसा, क्षीण आणि बर्फाविना. हा फरक स्वतः आलेखावर बघा, वरचा सगळा परिच्छेद डोक्यात बसेल.

उपग्रहांचं थोडक्यात. एम (AIM) हा खास या ढगांसाठीचा उपग्रह २००७ ते २०२३ चालला आणि ध्रुवावरचे पूर्ण नकाशे त्यानेच दिले. पण उपग्रह एका ठिकाणावरून ठरावीक स्थानिक वेळेला जातो आणि हा ढग भरतीओहोटीसारखा दिवसात घटतो-वाढतो. वर्षांगणिक उपग्रहाची वेळ सरकली तर ढग बदलला की घड्याळ, हे कळायला एका जागी बसून २४ तास मोजणारं लायडारच लागतं. ढग दशकांत वाढलेत का, या प्रश्नाचं सगळं ओझं या दुरुस्तीवर आहे. वाढीची शक्यता भक्कम आहे, कारण मिथेन वर गेल्यावर त्याच्या एका रेणूपासून पाण्याचे सुमारे दोन रेणू बनतात आणि मिथेन उद्योगपूर्व काळाच्या अडीचपटीच्या वर गेलाय. पण तुमच्या प्रोजेक्टच्या चार महिन्यांत या प्रश्नात शिरू नका.

मुंबईत बसून करायचं असेल तर मी उत्तरेतल्या टाइम-लॅप्स फोटोंवर काम सुचवीन. ज्यांचं ठिकाण आणि घड्याळ खात्रीचं आहे असेच फोटो मागून घ्या, छायाचित्रकार आनंदाने देतात. फोटोतले तारे ओळखा. उन्हाळ्याच्या मध्यरात्री उत्तर क्षितिजावर ब्रह्महृदय हमखास सापडतो. ताऱ्यांवरून प्रत्येक पिक्सेलची दिशा आणि उंची काढा. मग उंची ८३ किलोमीटर धरून ढगाचं जमिनीवरचं अंतर: क्षितिजावर १० अंशांना दिसणारा ढग सुमारे ३९५ किलोमीटरवर, ५ अंशांना दिसणारा ६०० च्या थोडा पुढे. चूक कुठे शिरते तेही लगेच दिसेल. १० ऐवजी ११ अंश मोजलं तर २८ किलोमीटरचा फरक, ५ ऐवजी ६ मोजलं तर पन्नासच्या वर. शिवाय ५ अंशांवर वातावरणातल्या वक्रीभवनाने सगळं एक षष्ठांश अंश वर उचललेलं असतं, ते वजा केलं नाही तर तिथेच नऊएक किलोमीटर गेले. म्हणून ८ अंशांखालचा फोटो कापून टाका, कितीही देखणा असला तरी.

नंतर प्रतिमा जमिनीच्या नकाशावर पसरवून लाटांची लांबी आणि वेग मोजता येतात. बारीक तरंग काही किलोमीटरचे, रुंद पट्टे दहापट मोठे. वेग काढताना वारा आणि लाट वेगळी करायला त्या भागातल्या उल्का-रडारने (उल्कांच्या शेपटांवरून वारा मोजणाऱ्या रडारने) मोजलेले वारे लागतील. लाटांच्या विश्लेषणाचा सराव इथल्याच डेटावर करता येतो: नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएफ (मध्यम वारंवारतेचं) रडार आणि रात्रदीप्तीचे, म्हणजे वरच्या हवेच्या रात्रीच्या मंद उजेडाचे, कॅमेरे चालवलेत, आणि ८७ किलोमीटरच्या रात्रदीप्तीत दिसणाऱ्या ग्रॅव्हिटी वेव्ह गणिताच्या दृष्टीने याच कुळातल्या. याच संस्थेच्या परंपरेत, मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजणी बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजमापं १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली होती. भारतीवर रडार बसवण्याची चर्चा निघाली की जनरेटर किती लांब ठेवणार, हा प्रश्न तुम्हीही आधी विचारा.

संस्थेत जाताना ‘मला ध्रुवीय ढगांवर काहीतरी करायचंय’ असं सांगू नका. वरच्या पद्धतीने काढलेला एका रात्रीचा नकाशा, त्यावर अंतराच्या चुकीच्या रेषा आणि सूर्य किती अंश खाली होता त्याचा तक्ता, एवढं एका पानावर न्या. वक्रीभवन वजा केलंय का, हे तिथे पहिल्यांदा विचारतील.